उन्माद आणि विषाद : एकाच रोगाचीं दोन रूपें

मनाला भरती-ओहोटी असावयाचीच. मुलीचें लग्न ठरलें म्हणजे घरधन्याच्या पावलांत चपळाई येते, नोकरीवर गंडांतर आलें म्हणजे त्याच्या तोंडची चव जाते. यांत रोग असा कांहीं नाहीं. परंतु कांहीं माणसांच्या बाबतींत ही भरती पुरेशा कारणावांचून येते, किनारा ओलांडून घरांत शिरते, आणि ओसरल्यावर त्या माणसाला महिनेच्या महिने चिखलांत रुतवून ठेवते. या रोगास वैद्यकांत आज द्विध्रुवी विकार म्हणतात. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतून ‘बायपोलर’ हा शब्दही आतां कानावरून गेलेला असतो. शब्द ओळखीचा झाला, रोग मात्र तितकासा ओळखीचा झालेला नाहीं. कचेरींतल्या लहरी साहेबापासून घरांतल्या रुसव्या पुतण्यापर्यंत वाटेल त्याला हें नांव चिकटविण्याची हौस दिसते. आणि ज्याला तें खरोखर लागू आहे त्याचा रोग ओळखला जाण्यास मात्र वर्षांमागून वर्षें जातात.

सकाळीं हंसणें आणि सायंकाळीं रडणें म्हणजे हा रोग नव्हे. यांतील उन्मादाचा झटका निदान सात दिवस टिकतो, किंवा त्याआधींच रोग्याला इस्पितळांत न्यावें लागावें इतका तो तीव्र असतो. त्या काळांत झोपेची गरजच उरल्यासारखी वाटत नाहीं. दोन-तीन तास डोळा लागला तरी माणूस ताजातवाना उठतो, अखंड बोलतो, एक बेत पुरा होण्यापूर्वीं दुसरा मांडतो, पैसा पाण्यासारखा खर्च करतो, आणि कोणीं अडविलें तर त्याच्यावर उसळतो. कधीं आपल्याला अलौकिक सामर्थ्य प्राप्त झालें आहे, किंवा सारे आपल्या वाईटावर आहेत, असे भ्रमही होतात. याच प्रकाराचें एक सौम्य रूप आहे. तें निदान चार दिवस टिकतें. त्यांत संसार उधळला जात नाहीं, आणि म्हणूनच तें कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. दुसऱ्या टोकाचा विषाद हा निदान दोन आठवड्यांचा, आणि बहुधा त्याहून पुष्कळ लांबणारा. त्यांत अन्न गोड लागत नाहीं, झोप पहाटेच मोडते किंवा उलट संपतच नाहीं, साधा निर्णय डोंगराएवढा होतो, आणि मरण बरें असें वाटूं लागतें. कधीं कधीं दोहोंचें मिश्रण होतें. अंगांत उन्मादाची तडफ आणि मनांत विषादाचा काळोख, अशी ही अवस्था असते. आत्मघाताच्या दृष्टीनें ती विशेष धोक्याची आहे.

उन्माद आणि विषाद यांचें कांहीं नातें असावें हें कॅपाडोशियाच्या अरेटियस या प्राचीन ग्रीक वैद्याच्याही ध्यानांत आलेलें होतें. पॅरिस येथें १८५४ सालीं फाल्‌रे आणि बायार्झे या दोन वैद्यांनीं, एकमेकांशीं भांडत कां होईना, हा एकच रोग आळीपाळीनें दोन रूपें घेतो असें मांडलें. पुढें १८९९ सालीं जर्मनींत एमिल क्रेपेलिन यांनीं त्याला बुद्धिभ्रंशाकडे नेणाऱ्या रोगांपासून वेगळें काढलें. त्यांच्या भेदाचें मर्म असें कीं, या रोगांत झटक्यांच्या मध्यंतरीं माणूस बहुधा पूर्ववत् होतो. कालचा वेडा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखविलें तो आज वर्गावर गणित शिकवीत उभा असतो.

हा रोगी मनाच्या डॉक्टराकडे आपण होऊन क्वचितच जातो. तो प्रथम जातो तो गल्लींतल्या घरगुती डॉक्टराकडे, आणि जातो तोही बहुधा विषादांत. उन्मादांत त्याला डॉक्टराची गरज वाटतच नाहीं. उलट आपल्याला कधीं नव्हे इतकें बरें वाटत आहे अशी त्याची खात्री असते. अमेरिकेंत या रोगाच्या १४६ रोग्यांवर सरासरीनें बारा वर्षांहून अधिक काळ नजर ठेवून केलेला एक अभ्यास २००२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळलें कीं, या माणसांचे जवळजवळ निम्मे आठवडे कांहीं ना कांहीं लक्षणांत गेले. त्यांतील विषादाचे आठवडे शेंकडा ३२ आणि उन्मादाचे अवघे ९. रोगाचें जें रूप त्याला नांव मिळवून देतें तेंच असें क्षणिक असतें. मग डॉक्टराला समोर दिसतो तो केवळ एक उदास मनुष्य. त्यांतून आपल्याकडे उदासपणाही उघडपणें सांगितला जात नाहीं. पाठ भरून येते, डोकें जड होतें, पोट साफ होत नाहीं, अंगांत ताकद राहिली नाहीं, अशा वाटेनें तो दवाखान्यांत प्रवेश करतो. आणि टॉनिकची बाटली घेऊन परत जातो.

असें समजावें कीं, विमा कंपनींत काम करणारे पस्तिशींतले एक गृहस्थ महिनाभर कामावर गेलेले नाहींत, आणि पत्नी त्यांना घेऊन दवाखान्यांत आली आहे. गृहस्थ खालीं मान घालून बसले आहेत. डॉक्टरांनीं झोप, भूक, मरणाचे विचार, सर्व कांहीं विचारलें. उत्तरें विषादाचींच आलीं. येथें पुष्कळ डॉक्टर थांबतात व औषध लिहून देतात. या डॉक्टरांनीं मात्र पत्नीकडे वळून आणखी एक प्रश्न केला. “वहिनी, झोप थोडी, पण हे अगदीं ताजेतवाने, असे दिवस कधीं येऊन गेले काय?” ती क्षणभर विचारांत पडली. “गेल्या दिवाळीच्या आधीं गेले कीं, डॉक्टर. रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत हे घराच्या भिंती रंगवीत होते. मामंजींना न विचारतां दुकानाचा गाळा घेण्यासाठीं इसार देऊन आले. आम्हांला वाटलें, यांना आतां हुरूप आला.” या चार वाक्यांत सबंध निदान सांठविलेलें आहे. गृहस्थांना स्वतःला विचारलें असतें तर त्यांना ते दिवस आठवलेही नसते, किंवा ‘तेवढेच काय ते चांगले दिवस’ असें त्यांनीं म्हटलें असतें. म्हणून या रोगांत रोग्याच्या साक्षीबरोबर घरच्यांची साक्ष घेणें हा शिष्टाचाराचा नव्हे, वैद्यकाचा भाग आहे. अर्थात् ती रोग्याच्या संमतीनें आणि त्याचा मान राखून घ्यावयाची.

हा एक प्रश्न राहून गेला म्हणजे काय होतें? २००० सालीं अमेरिकेंतील रोग्यांच्या एका संघटनेनें आपल्या सभासदांची पाहणी केली. त्यांपैकीं शेंकडा ६९ जणांचा रोग पहिल्यानें चुकीचा ओळखला गेला होता, आणि तो बहुतेकदां साधा विषाद म्हणून. एकतृतीयांशाहून अधिक लोकांना खरें निदान होईपर्यंत दहा वर्षें किंवा त्याहून अधिक काळ थांबावें लागलें. दरम्यान त्यांना नुसतीं विषादनाशक औषधें मिळत राहतात. साध्या विषादावर हीं औषधें गुणकारी आहेत, यांत शंका नाहीं. पण द्विध्रुवी विकाराच्या रोग्याला तीं एकटींच दिलीं तर कांहींच्या बाबतींत विषादाच्या खड्ड्यांतून निघालेली गाडी थेट उन्मादाच्या कड्यावर जाते. मनःस्थिति स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या जोडीला तीं दिलीं तरी फारसा अधिक लाभ होत नाहीं, असें अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगांत २००७ सालीं दिसून आलें.

घरगुती डॉक्टरांच्या हातीं एक सोपें साधन आहे. २००० सालीं प्रसिद्ध झालेली तेरा प्रश्नांची एक यादी रोग्याला पांच मिनिटांत भरून देतां येते. सात किंवा अधिक प्रश्नांना ‘होय’ आलें, त्या गोष्टी एकाच काळांत घडल्या असल्या, आणि त्यांपायीं संसारांत किंवा कामांत अडचण आली असली, तर संशय घ्यावा. संशयच घ्यावा, निदान करूं नये. कागदावरच्या खुणा मोजून रोग ठरत नसतो, आणि सौम्य उन्माद तर अशा यादींतून निसटतोही. शिवाय थायरॉईडच्या ग्रंथीचा अतिरेक, दम्यासाठीं किंवा सांध्यांसाठीं घेतलेलीं स्टेरॉइडें, दारू, गांजा, यांनींही उन्मादासारखें चित्र उभें राहतें. चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर जन्मांत पहिल्यानेंच उन्माद झाला तर मेंदूंत कांहीं निराळें बिघडलें आहे काय हें पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये. कारण हा रोग बहुधा किशोरवयाच्या अखेरीपासून पंचविशीच्या आसपासपर्यंत डोकें वर काढतो.

ह्या वयामुळेंच आपल्याकडे एक निराळा उपचार फार लोकप्रिय आहे, तो म्हणजे लग्न. ‘दोनाचे चार हात झाले कीं ताळ्यावर येईल’ या भरंवशावर किती मुलींचे संसार या रोगाच्या दाढेंत गेले असतील, आणि रोग लपवून लग्न लावल्यानें किती रुग्ण मुली माहेरीं परत आल्या असतील, याची गणती कोणीं केलेली नाहीं. दुसरा उपचार देवऋष्याचा. संकटांत सांपडलेलें कुटुंब देवाच्या दारीं जातें, त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. तेथें मनाला धीर मिळत असेल तर तो अवश्य घ्यावा आणि गोळीही घ्यावी. मात्र भूत उतरविण्याच्या नांवाखालीं रोग्याला मारणें, सांखळीनें बांधणें, हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे.

घरगुती डॉक्टराच्या पुढचा टप्पा म्हणजे सर्वसाधारण इस्पितळांतील मनोविकारांचा विभाग. १९३३ सालीं कलकत्त्यास गिरींद्रशेखर बोस यांनीं कारमायकेल मेडिकल कॉलेजांत असा विभाग उघडला, आणि १९३८ सालीं मुंबईस जे. जे. रुग्णालयांत डॉ. मसाणी यांनीं त्याचें अनुकरण केलें. ताप, खोकला, मोडलेलें हाड, यांच्याच रांगेंत मनाच्या रोग्यालाही बसवावें, ही कल्पना आज साधी वाटते. त्या काळीं ती मोठी सुधारणा होती. तेथें निदान पक्कें करण्याला वेळ आणि साधनें मिळतात. रक्त, मूत्रपिंडें, थायरॉईड, हृदयाचा आलेख, वजन, साखर हें सर्व पाहूनच दीर्घकाळचें औषध निवडावें लागतें. तोट्याची बाजू एवढीच कीं, बाह्यरुग्ण विभागांतली गर्दी अशी असते कीं डॉक्टराला एका रोग्यामागें थोडकीं मिनिटें मिळतात. आणि दर खेपेस समोर नवा डॉक्टर असला तर दिवाळीच्या आधींची ती भिंत रंगविण्याची हकीकत पुन्हां पहिल्यापासून सांगावी लागते. म्हणून घरच्यांनीं एका वहींत झटक्यांच्या तारखा, औषधें, मात्रा आणि त्यांचे परिणाम टिपून ती वही बरोबर न्यावी. सरकारी कागद हरवतात. ही वही सहसा हरवत नाहीं.

औषधांपैकीं एकाविषयीं थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. दुसऱ्या महायुद्धांत जॉन केड नांवाचे एक ऑस्ट्रेलियन डॉक्टर जपान्यांच्या कैदेंत सिंगापुरास चांगी येथें साडेतीन वर्षें होते. परत आल्यावर मेलबर्नजवळ बंडूरा येथील इस्पितळांत, एका रिकाम्या पडलेल्या कोठींत त्यांनीं आपली प्रयोगशाळा थाटली. उन्मादाच्या रोग्यांच्या मूत्रांत कांहीं विष असावें अशी त्यांची समजूत होती. ती चुकीची निघाली. पण ती तपासतांना यूरिक आम्ल विरघळविण्यासाठीं त्यांनीं लिथियमचा क्षार वापरला, आणि तो टोचलेले गिनीपिग आश्चर्यकारकपणें शांत पडून राहिलेले त्यांनीं पाहिले. मग तो क्षार स्वतः घेऊन पाहिल्यावर त्यांनीं तो उन्मादाच्या दहा रोग्यांना दिला, आणि सप्टेंबर १९४९ मध्यें त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पहिला रोगी पांच वर्षें उन्मादांत होता. तो बरा होऊन घरीं गेला, कामावरही रुजू झाला. पुढें त्यानें औषध सोडलें, रोग उलटला. तें पुन्हां सुरू केल्यावर त्याच औषधाच्या विषबाधेनें १९५० सालीं त्याचा अंत झाला. या एका माणसाच्या कथेंत लिथियमचे गुण आणि दोष दोन्ही आले. पुढें डेन्मार्कचे मोगेन्स शू यांनीं १९५४ पासून पद्धतशीर प्रयोग करून हें औषध झटके येऊं न देण्यासही उपयोगी आहे हें सिद्ध केलें. आत्मघाताचा धोका कमी करण्याची त्याची शक्ति आजही वैद्यकांत विशेष मानली जाते. आणि तें महाग नाहीं.

अडचण अशी कीं, लिथियमची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यांत अंतर थोडें आहे. दीर्घकाळच्या उपचारांत रक्तांतील प्रमाण बहुधा दर लिटरला ०.६ ते ०.८ मिलिमोल ठेवतात, १.५ च्या पुढें विषबाधेचीं चिन्हें दिसूं लागतात, आणि वृद्धांत तर त्याच्या आधींही. म्हणून रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनीं तपासावयाचें, मात्रा बदलल्यावर सुमारें आठवड्यानें पुन्हां तपासावयाचें, आणि सर्व स्थिर झाल्यावरही ठराविक मुदतीनें तपासणें चालूं ठेवावयाचें. मूत्रपिंडें व थायरॉईड यांची परीक्षा सहा महिन्यांनीं व्हावी. आतां हा क्षार शरीरांत मिठाच्या वाटेनें फिरतो, आणि येथें स्वयंपाकघराचा संबंध येतो. घरांत कोणाला रक्तदाब झाला म्हणून सर्वांचेंच जेवण एकदम अळणी केलें, चैत्र-वैशाखांत घामानें अंग भिजलें व पाणी पोटांत गेलें नाहीं, जुलाब-वांत्या झाल्या, किंवा निर्जळी उपवास धरला, तर मूत्रपिंडें लिथियम धरून ठेवतात आणि कालचीच गोळी आज विष होते. व्रत करूंच नये असें नव्हे. पण पाणी सोडावयाचें व्रत या रोग्यानें करूं नये, आणि इतर उपवासही डॉक्टराला विचारून करावा. तीच गोष्ट दुखण्यावरच्या गोळ्यांची. गुडघा दुखतो म्हणून औषधांच्या दुकानांतून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घेणें लिथियमवर असलेल्या माणसाला धोक्याचें आहे. रक्तदाबाचीं कांहीं औषधेंही तशींच आहेत. हाताला बारीक कंप, तहान, वारंवार लघवी हे साधे त्रास होत. परंतु कंप ठळक झाला, पाऊल अडखळूं लागलें, जीभ जड झाली, ग्लानि आली, तर पुढची गोळी न देतां तडक इस्पितळ गांठावें.

ज्या तालुक्याच्या गांवीं ही रक्ताची तपासणी होत नाहीं, तेथें हें औषध सुरू करावें कीं नाहीं, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाहीं. एस्‌टीच्या भाड्याचा आणि बुडणाऱ्या मजुरीचाही होतो. अशा वेळीं डॉक्टर व्हाल्प्रोएट, क्वेटियापिन, ओलान्झापिन यांच्याकडे वळतात. त्यांचेही आपले दोष आहेत; ओलान्झापिननें वजन व साखर वाढते, हें मधुमेहाच्या घराण्यांत विसरतां येत नाहीं. विषाद वारंवार येणाऱ्यांना लॅमोट्रिजिन उपयोगी पडतें. तें फार हळूहळू वाढवावें लागतें, आणि अंगावर पुरळ उठलें तर त्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवावें लागतें. स्त्रियांच्या बाबतींत एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. गर्भारपणांत व्हाल्प्रोएट घेतल्यास दहांपैकीं सुमारें एका बालकाला जन्मतः व्यंग येतें, आणि पुष्कळांची बुद्धीची वाढ खुंटते. ज्या तरुण स्त्रीला मूल व्हावयाचें आहे तिला हें औषध देणें शक्य तितकें टाळावें, आणि देण्यापूर्वीं तिला हें सांगावें. सासऱ्यांना नव्हे, तिला. उलट, गर्भ राहिला म्हणतांच सर्व औषधें एका दिवसांत फेंकून देणें हेंही तितकेंच घातक आहे. तीव्र स्वरूपाचा हा रोग असलेल्या स्त्रियांपैकीं सुमारें पांचांत एकीला बाळंतपणानंतर, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, वेडाचा प्रखर झटका येतो. बाळंतिणीच्या खोलींत रात्रीचें जागरण तिच्या एकटीवर न टाकतां आईनें किंवा सासूनें वांटून घेतलें, तर तेंही औषधाइतकेंच कामाचें असतें.

आतां मनोरुग्णालय. महाराष्ट्रांत नागपूर, येरवडा, ठाणें आणि रत्नागिरी अशीं चार प्रादेशिक मनोरुग्णालयें आहेत. गोव्यांत बांबोळीची संस्था आहे. ‘याला ठाण्याला पोंचवा’ किंवा ‘येरवड्याला धाडा’ ही थट्टा ज्या जिभेला सहज येते त्या जिभेच्या घरांत खरोखर वेळ आली म्हणजे तीच थट्टा दार अडवून उभी राहते, आणि इस्पितळाची गाडी बोलाविण्यास चार दिवसांचा विलंब होतो. त्या चार दिवसांत दागिने विकले जातात, नोकरीचा राजीनामा दिला जातो, कधीं प्राणही जातो. रोगी अन्नपाणी सोडून बसला, आत्मघाताचा बेत बोलून दाखवूं लागला, कोणाच्या अंगावर धांवला, किंवा स्वतःची राखण करण्याच्या पलीकडे गेला, तर इस्पितळ हीच त्याची जागा होय. विजेच्या उपचाराविषयींही सिनेमांनीं फार भय पसरविलें आहे. भूल देऊन आणि स्नायू शिथिल करून दिलेला हा उपचार तीव्र विषादांत आणि न आवरणाऱ्या उन्मादांत अत्यंत गुणकारी आहे. भूल न देतां तो देण्यास कायद्यानें सक्त मनाई आहे.

हा कायदा २०१७ चा असून तो २९ मे २०१८ पासून अंमलांत आला. १९१२ च्या कायद्यांत मनोरुग्णाचा विचार बंदोबस्ताच्या दृष्टीनें अधिक होता. नव्या कायद्यांत तो हक्कदार मनुष्य म्हणून केलेला आहे. रोगी स्वतःहून दाखल होऊं शकतो, आणि स्वतःहून बाहेरही पडूं शकतो. त्याला समजेनासें झालें असेल तर त्यानें नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावरून, दोन स्वतंत्र तपासण्यांनंतर, तीस दिवसांपर्यंत ठेवून घेतां येतें. त्याची वर्दी पुनर्विलोकन मंडळाला द्यावी लागते. तातडीच्या प्रसंगीं मनोविकारतज्ज्ञ जवळ नसला तरी कोणाही नोंदणीकृत डॉक्टराला बहात्तर तासांपर्यंतचे उपचार करतां येतात. म्हणजे ग्रामीण रुग्णालयांतील तरुण डॉक्टरानें ‘हें माझें काम नव्हे’ असें म्हणून दार लावून घेण्याचें कारण उरत नाहीं.

इस्पितळांतून सुटलेला रोगी घरीं येतो तो क्षण पेढे वांटण्याचा समजला जातो. वस्तुतः तेथूनच अवघड चढण लागते. महिन्याभराच्या गोळ्या संपतात, गांव लांब, ‘आतां बरा आहे, कशाला विष पोटांत घालावयाचें’ म्हणून शेजारी सल्ला देतात, आणि लिथियम तर एकाएकीं थांबविलें म्हणजे उन्माद त्वरेनें उलटतो. बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेनें २०१५-१६ सालीं केलेल्या पाहणींत या रोगाच्या शंभरांपैकीं सुमारें सत्तर रोग्यांना उपचार मिळत नसल्याचें आढळलें. ही दरी बुजविण्यासाठीं १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालूं झाला. जिल्हा रुग्णालयांतून औषधें द्यावयाचीं व पथकानें तालुक्याच्या गांवीं जावयाचें, अशी त्याची योजना. पथक कोठें नेमानें जातें, कोठें जात नाहीं. पण ही पद्धत फळते याला पुरावा आहे. अमेरिकेंत वॉशिंग्टन संस्थानांत ४४१ रोग्यांवर प्रयोग झाला. त्यांपैकीं एका गटाला एका परिचारिकेनें दरमहा दूरध्वनीवरून विचारपूस करावयाची, औषधांचा व लक्षणांचा हिशेब ठेवून तो डॉक्टराला कळवावयाचा, आणि सर्वांनीं मिळून रोगाचे पाठ घ्यावयाचे, एवढेंच अधिक मिळालें. दोन वर्षांत या गटाचा उन्मादाचा काळ घटला. विषादावर मात्र फारसा परिणाम झाला नाहीं. बार्सिलोना येथें १२० रोग्यांपैकीं अर्ध्यांना रोगाविषयींचे एकवीस पाठ दिले. त्यांना पुढील दोन वर्षांत झटके कमी आले. परिचारिका आणि दूरध्वनि या दोन वस्तू आपल्या जिल्ह्यांतून दुर्मिळ नाहींत. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ची सरकारी सेवाही चालूं आहे, तेथें मराठींत बोलतां येतें, आणि रात्रींअपरात्रीं घाबरलेल्या कुटुंबालाही विचारतां येतें.

घरांतील शुश्रूषेचा मुख्य भाग म्हणजे झोपेवर पहारा. सलग दोन रात्री झोप घटली आणि तरीही माणूस थकलेला नाहीं, हें बहुधा उन्मादाचें पहिलें पाऊल असतें. लग्नघर, गणपतीचीं जागरणें, परीक्षा, रात्रपाळी, परदेशचा विमानप्रवास, यांनीं तें पडण्यास निमित्त मिळतें. याच वेळीं डॉक्टरांना कळवावें. तेथें एका गोळीचा फेरफार पुरतो, आठ दिवसांनीं चार माणसें आणि गाडी लागते. रोग्याशीं वाद घालून त्याचे भव्य बेत खोडीत बसूं नये. व्यवहाराचे कागद, चेकबुक आणि मोटारीची किल्ली तेवढी दूर ठेवावी. हें करण्याचा अधिकार कोणाला, याचें उत्तर मात्र रोगी बरा असतांनाच मिळवून ठेवावें. २०१७ च्या कायद्यानें प्रत्येक प्रौढ माणसाला आपली आगाऊ सूचना लिहून ठेवतां येते. आपण भानावर नसतांना कोणते उपचार व्हावे, कोणते होऊं नयेत, आणि आपल्या वतीनें निर्णय कोणीं घ्यावा, हें तींत नमूद करतां येतें. तातडीच्या प्रसंगीं तिचें बंधन नसतें. तो प्रतिनिधि पत्नीच असला पाहिजे असें नाहीं. भाऊ, मेव्हणी किंवा जुना मित्रही चालतो. कोणत्या औषधानें मागच्या वेळीं गुण आला, कोणत्यानें त्रास झाला, बँकेचे व्यवहार झटका येण्याची लक्षणें दिसतांच कोणाच्या सहीशिवाय होऊं नयेत, मुलांना तेवढे दिवस कोणाकडे ठेवावें, हें सर्व त्या कागदाच्या सोबत स्वच्छ अक्षरांत लिहावें. एक प्रत डॉक्टरांजवळ, एक प्रतिनिधीजवळ आणि एक झटक्यांच्या तारखांच्या त्या वहींत ठेवावी.